माकडराजाला आग पाहिजे

"जनावरांच्या सिनेमात जात कुठून आणली तुम्ही?"

प्रश्न विचारणाऱ्या ताई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगतो. वाईट माणसाशी भांडायला अक्कल लागत नाही, दोन शिव्या पुरतात. चांगल्या माणसाशी भांडायचं तर कागद काळे करावे लागतात. म्हणून हे लिहितोय.

झालं असं. आमच्या वस्तीतल्या विहारात उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांचं शिबिर होतं. शहरातल्या एका संस्थेनं प्रोजेक्टर आणला. आम्ही पांढरी चादर ताणली, चादर हलते म्हणून पंखे बंद केले, आणि घामानं निथळत साठसत्तर पोरांनी डिस्नेचा 'द जंगल बुक' बघितला. १९६७ सालचा. हातानं चितारलेला, गाण्याबजावण्याचा. इंग्रजीतला, म्हणून मी बाजूला उभा राहून मराठीत ओरडून सांगत होतो. गाणी आली की गप्प बसत होतो. गाण्याला पोरांना माझी गरज नव्हती.

सिनेमा संपल्यावर ताईंनी कागदाचे कपटे वाटले. कोण आवडलं? का आवडलं? पोरांनी पेन्सिली चावत लिहिलं आणि मी ते कपटे वाचत बसलो. मोगली होता, बालू अस्वल होतं. पण सगळ्यात मोठा गठ्ठा झाला तो माकडांच्या राजाचा. किंग लुईचा. एकानं लिहिलं होतं : 'माकडराजा. भारी नाचतो आनी त्याला आग पाहिजे.' दुसऱ्यानं : 'माकडं. त्यांचा वाडा पाडला ते बरोबर नाय केलं.' एका पोरीनं तर आवडलं-बिवडलं काही लिहिलंच नाही. शेवटी नदीवर पाणी भरायला जी मुलगी येते तिच्याबद्दल तिनं उलट ताईंनाच विचारलं होतं : 'तिला नाव का नाय? आनी त्यांच्याकडं नळ नाय का?'

ताईंनी वाचलं. हसल्या. म्हणाल्या, "मुलांना सिनेमा कळलाच नाही. माकडं तर त्रास देणारी आहेत ना त्यात."

मी म्हणालो, "ताई, पोरांनाच कळला. तुम्हाला नाही कळला."

मग तो जातीचा प्रश्न आला.

तर उत्तर असं, की जात मी आणली नाही. ती होतीच. ज्या पुस्तकावरून हा सिनेमा काढला ते रुडयार्ड किपलिंगचं. हा गोरा साहेब ३० डिसेंबर १८६५ ला आपल्या मुंबईत जन्मला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. बाप तिथं मास्तर होता. पुस्तक आलं १८९४ साली. गोष्ट घडते मध्य प्रांतातल्या सिवनीच्या रानात. त्यात एक प्रसंग असा आहे : मोगली माकडांशी दोस्ती करून येतो आणि बालू त्याला झापतो. बालू म्हणजे रानाचा कायदा शिकवणारा मास्तर. तो सांगतो, की माकडांना कायदा नाही, त्यांना स्वतःची बोली नाही, ती जातीबाहेरची आहेत. 'आउटकास्ट' हाच शब्द किपलिंगनं तिथं घातलाय. मी नाही घातला. आणि पुढं मास्तर नियम सांगतात, की माकडांच्या पाणवठ्याला बाकीचं रान तोंड लावत नाही. त्यांच्या वाटेला जात नाही. मरायचं झालं तरी त्यांच्यापासून लांब मरतं.

पाणवठा वेगळा. वाट वेगळी. मसणवटा वेगळा. हे रान आहे का आमच्या आज्याचं गाव आहे? आता बोला.

ते पुस्तक छापून आलं तेव्हा भीमराव नावाचं एक पोर तीन वर्षांचं होतं. पुढं १९०१ साली हेच पोर आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडं निघालं. मसूर स्टेशनावर उतरलं, आणि रात्रभर पाण्याच्या घोटाला महाग झालं. जेवण डब्यात होतं. पाणी कोणी देईना, म्हणून जेवण तसंच राहिलं. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर हात पाण्यात घातला गेला, तेव्हा त्या तळ्यावर जनावरं रोज पीत होती आणि तळं बाटत नव्हतं. आमच्या ओंजळीनं बाटलं. मग शेण-गोमूत्र ओतून शुद्ध केलं. जनावरांच्या गोष्टीत जात कुठून आली म्हणून आम्हाला विचारता? जातीच्या गोष्टीत जनावर पहिल्यापासून आहे. आणि ते आमच्या वरच्या पायरीवर बसलेलं आहे.

किपलिंगला जात ठाऊक होती, चांगली ठाऊक होती. त्याच्या पुस्तकात मोगली गावात राहायला येतो तेव्हा कुंभाराचं गाढव खड्ड्यात घसरतं, आणि पोरगं त्याला शेपटीला धरून बाहेर काढतं. गाव हादरतं. कारण कुंभार खालच्या जातीचा आणि गाढव त्याहून खालचं. रानात वाढलेल्या पोराला जात म्हणजे काय हेच माहीत नाही, असं किपलिंग तिथं लिहितो. साहेब साम्राज्याचा भाट होता, त्याच्याबद्दल मला उमाळा नाही. पण निदान त्यानं डोळे उघडे ठेवले होते.

डिस्नेनं काय केलं? वॉल्ट डिस्नेनं सिनेमा लिहिणाऱ्याच्या हातात पुस्तक दिलं आणि पहिली गोष्ट सांगितली, की हे वाचू नकोस. ही डिस्नेवाल्यांनीच कौतुकानं सांगितलेली हकिगत आहे. मग कुंभाराचं गाढव गेलं, पुजारी गेला, गावानं मोगलीला दगड मारून हाकललं तेही गेलं. शब्द गेला, उतरंड राहिली. सिनेमाच्या शेवटी लांडग्यांत वाढलेला उघडा पोरगा मडकं डोक्यावर घेऊन गावाच्या वेशीतून सरळ आत जातो. कोण, कुठला, कुणाचा, कुणीही विचारत नाही. वेशीवर कोणी अडवत नाही. अजगर गातो, हत्ती कवायत करतात, ते मी मान्य करतो. पण ही वेस? च्यायला, सगळ्या सिनेमात अशक्य गोष्ट हीच एक आहे, आणि एकाही प्रेक्षकाला ती खटकत नाही!

आता त्या काळ्या बिबळ्याकडं या. बघीरा. आपला प्राणी. मोगलीला माणसांत नेऊन सोडायचं हे त्याचं काम. बालूला पोराचा लळा लागलेला, तो सोडायला तयार नाही. तेव्हा बघीरा त्याला समजावतो, की ज्यानं त्यानं आपापल्या जातभाईंत राहावं, आणि दाखला कशाचा देतो? लग्नाचा. अस्वल काय पँथरशी लग्न करणार आहे का, असं विचारतो. म्हणजे बेटीव्यवहार! प्रेक्षागृहात इथं हशा येतो. आमच्या चादरीपुढं नाही आला, कारण मराठीत सांगताना माझीच जीभ अडखळली.

हा सिनेमा अमेरिकेत लागला १८ ऑक्टोबर १९६७ ला. त्याच साली १२ जूनला, म्हणजे चार महिने आधी, तिथल्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालणारे कायदे घटनेविरुद्ध आहेत. व्हर्जिनिया राज्याविरुद्ध लव्हिंग नावाच्या जोडप्यानं तो खटला जिंकला. कोर्ट म्हणालं, करा लग्न. चार महिन्यांनी पडद्यावरची काळी मांजर पोराबाळांना सांगते, आपलं आपल्यात बरं. यात कारस्थान होतं असं मी म्हणत नाही. सिनेमा बरीच वर्षं आधीपासून तयार होत होता. कारस्थान लागतच नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. जातीची सवय असली की हात आपोआप तसंच चितारतो. बाबासाहेबांनी १९३६ सालीच जात मोडायचं खरं औषध आंतरजातीय लग्न म्हणून सांगितलं होतं, आणि जात-पात तोडणाऱ्यांच्या मंडळानंसुद्धा ते भाषण होऊ दिलं नाही. मग कार्टूनवाल्यांना काय दोष द्यायचा?

सगळा सिनेमा याच एका रुळावर चालतो. हत्तींची पलटण, कर्नल पुढं, पिल्लू मागं. लांडगे आपल्या कळपात, वाघ आपल्या मिजाशीत. (१९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती होती. इथं त्याच हत्तीला मिशा फुटल्यात आणि तो इंग्रजी पलटणीचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवतो. असो.) प्रत्येकानं आपल्या जागी. शेवटी बालू आणि बघीरासुद्धा आपापल्या जागी परत जातात, गात गात.

एकच जण आपली जागा मानत नाही. तो म्हणजे लुई. त्याला राजेपण पुरत नाही. त्याला माणूस व्हायचंय. माणसासारखं चालायचंय, गावात फिरायचंय, आणि त्यासाठी त्याला आग पाहिजे. मोगलीला तो दुसरं काहीच मागत नाही. मारत नाही, खात नाही. केळी देतो आणि गुपित मागतो.

मला माणूस व्हायचंय. हे वाक्य तुम्ही कुठं ऐकलंय मित्रांनो? आपल्या पहिल्या कवितांच्या वह्या काढून बघा. पहिल्या भाषणांचे कागद काढा. आपलं सगळं साहित्य या एका वाक्यावर उभं आहे, आणि सिनेमात हे वाक्य माकडाच्या तोंडी घालून त्याच्यावर जग हसतं. अस्वल करवंट्या तोंडाला बांधून बाईचं सोंग घेतं, हाणामारी होते, आणि लुई ज्या पडक्या वाड्यात राहतो तो वाडाच त्याच्या अंगावर कोसळतो. माणूस व्हायला निघाला होता, बघा कशी जिरली. 'वाडा पाडला ते बरोबर नाय केलं' असं लिहिणाऱ्या पोराचं झोपडं दोन वर्षांपूर्वी पाडलं होतं. ताईंना ते माहीत नव्हतं. मला होतं.

किपलिंगच्या माकडांना राजा नव्हताच. त्यांना राजा असणंच शक्य नाही, असं त्याचं म्हणणं. लुई डिस्नेनं घडवला. ओरांगउटान आपल्या रानात सापडत नाही, तो बोर्निओ-सुमात्राचा. पण आणला, कारण नाचायला कोणीतरी पाहिजे होता. आणि नाच कुठला? जॅझचा. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांनी जन्माला घातलेलं संगीत, गुलामांच्या नातवंडांचं. या भूमिकेसाठी आधी लुई आर्मस्ट्राँगचा विचार झाला होता. गाणी लिहिणाऱ्यांनीच नंतर सांगितलं, की काळ्या माणसाला माकडाचा आवाज दिला तर लोक भडकतील म्हणून तो बेत सोडला. नीट वाचा. म्हणजे ठाऊक होतं! बघणारा यात काय बघणार ते करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून माकड तसंच ठेवलं, नाच तसाच ठेवला, फक्त गळा बदलला. लुई प्रीमा नावाचा इटालियन वंशाचा गायक घेतला. तोही न्यू ऑर्लिन्सचाच. त्याच गावात १८९१ च्या मार्चमध्ये गोऱ्या जमावानं अकरा इटालियनांना तुरुंगात घुसून ठार मारलं होतं. काल ज्यांना मारलं त्यांच्यातल्याला आज मधल्या पायरीवर उभं करायचं आणि खालच्या पायरीचं सोंग घ्यायला लावायचं. बाबासाहेब याला श्रेणीबद्ध असमानता म्हणाले. आमच्या गावात ती बघायला तिकीट लागत नाही.

आता प्रेक्षकांची मतं बघू, कारण माझं भांडण सिनेमाशी कमी आणि मतांशी जास्त आहे.

पहिलं मत ताईंचं. मुलांचं आहे हो, एन्जॉय करा. मुलांचं आहे म्हणूनच बोलतोय ना! मोठ्या माणसाला जात शिकवावी लागत नाही, ती त्याला येते. पोराला शिकवावी लागते. शाळेत वेगळं बसवून शिकवतात, नाहीतर गाण्यातून शिकवतात. दुसरी पद्धत जास्त टिकते. गाणं विसरत नाही.

दुसरं मत सुधारलेल्या मंडळींचं. फिल्म सोसायटीतले, दाढी खाजवणारे. ते म्हणतात, हो, लुईमध्ये वंशवाद आहे, पण तो अमेरिकेचा प्रश्न. २०२० साली डिस्नेनंच या सिनेमाच्या आधी पाटी लावायला सुरुवात केली, की यात काही समाजांचं चुकीचं चित्रण आहे, ते तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे. या मंडळींना ती पाटी वाचून फार बरं वाटलं. पाप त्यांचं, पाटी त्यांची, आपण निर्मळ. अरे भल्या माणसांनो, गोष्ट कुठल्या रानातली आहे? सिवनी अलाबामात आहे का? 'आउटकास्ट' हा शब्द साहेबानं कुणाकडून शिकला? काळ्यांनी लढून, मार खाऊन कंपनीला ती पाटी लावायला लावली. तुमच्या कुठल्या नाटकाला, कुठल्या पौराणिक सिनेमाला, कुठल्या धड्याला तशी पाटी आहे?

२०१६ साली हीच गोष्ट पुन्हा सिनेमा होऊन आली, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या जनावरांची. आपल्या सेन्सॉर बोर्डानं तिला यू/ए सर्टिफिकेट दिलं. का, तर थ्री-डीमध्ये जनावरं अंगावर येतात, पोरं घाबरतील. ते एप्रिलमध्ये. जुलैमध्ये गुजरातेत उन्याला आपल्या चार पोरांना मेलेल्या गाईचं कातडं काढलं म्हणून गाडीला बांधून लोखंडी गजांनी मारलं, आणि मारणाऱ्यांनीच त्याचं चित्रीकरण करून देशाला दाखवलं. त्याला कुणाचं सर्टिफिकेट लागलं नाही. जनावर अंगावर येण्याची भीती कुणाला वाटते आणि जनावरासाठी माणूस कुणाच्या अंगावर जातो, हे एकाच सालच्या दोन पडद्यांवर दिसलं.

तिसरं मत आपल्यातल्यांचं. ते मला जास्त झोंबतं. एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "तू असल्या कार्टूनवर काय लिहितोस? अत्याचारांवर लिही. पोरं मरतायत." खरं आहे. मरतायत. पण मारणारा हात आभाळातून पडत नाही रे बाबा. त्यानंही लहानपणी काहीतरी बघून टाळ्या पिटलेल्या असतात. आणि मार खाणाऱ्यानंही. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी मोगली लागायचा, तो जपानी बनावटीचा. आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरात. दाराबाहेर उभे राहून बघायचो आम्ही. मला मोगली व्हायचं होतं. माकड व्हायचं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आपण ज्या बाजूचे होतो ती बाजू सोडून आपण टाळ्या वाजवत होतो, हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली. आमच्या पोरांना सव्वा तास पुरला.

आणखी एक जण म्हणाला, बंदी घाला. नको. मी घालू देणार नाही. कारण खरं सांगायचं तर लुईचं गाणं लागलं की माझा पाय आपोआप हलतो. साऱ्या सिनेमात जीव त्या एका प्रसंगात आहे. चितारणाऱ्यांना हसवायचं होतं, पण हात त्यांचा असला तरी ताल त्यांचा नव्हता. ताल ज्यांचा होता त्यांनी आपला जीव त्यात ठेवून दिला होता, आणि तो पोरांनी बरोबर हुडकला.

राहता राहिला बघीरा. १९६५-६६ साली अलाबामातल्या लाउंड्स परगण्यातल्या काळ्या शेतमजुरांनी आपला पक्ष काढला. मतपत्रिकेवर निशाणी लागते, कारण पुष्कळांना वाचता येत नव्हतं. गोऱ्यांच्या पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा होती. यांनी काळा पँथर घेतला. तिथून तो ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला गेला, आणि १९७२ मध्ये मुंबईत आला, आपल्याकडं. डिस्नेचा पँथर पडद्यावर आला तो या दोहोंच्या मधे. आणि कसा आला? साहेबाच्या घरच्या बटलरसारखा. तोंडात लोणी न विरघळणारा, नियम सांगणारा, दुसऱ्याच्या पोराला घरी पोचवणारा. त्याला सिनेमाभर एकदाही स्वतःसाठी काही नको असतं.

पण किपलिंगच्या पुस्तकात या बघीऱ्याची एक गोष्ट आहे, ती डिस्नेनं गाळली. तो रानात जन्मलेलाच नाही. उदेपूरच्या राजाच्या पिंजऱ्यात जन्मला. आई तिथंच मेली. लोखंडाच्या भांड्यात घातलेलं खात वाढला. एके रात्री त्याला उमगलं, की आपण कुणाचं खेळणं नाही, पँथर आहोत. पंजाच्या एका फटक्यात कुलूप फोडून तो रानात आला. त्याच्या हनुवटीखाली एक टिकली आहे, केस नसलेली. गळपट्ट्याचा घट्टा. रानात कुणालाच तो माहीत नाही. तो एकट्या मोगलीला हात लावून बघायला देतो.

ही गोष्ट मी पोरांना दुसऱ्या दिवशी सांगितली. ताईही होत्या, त्यांनीही ऐकली. वहीत काहीतरी लिहून घेतलं. पाणी भरणाऱ्या पोरीबद्दल त्यांनी शोधून आणलं होतं : १९६७ च्या सिनेमात तिला नावच नाही, २००३ साली दुसरा भाग काढला तेव्हा छत्तीस वर्षांनी तिचं नाव ठेवलं. काय ठेवलं, तर शांती. कपटेवाली पोरगी म्हणाली, "आनी नळ?" ताई माझ्याकडं बघायला लागल्या.

संध्याकाळी विहाराच्या मागच्या बोळात पोरांनी जंगल बुकाचा खेळ मांडला. माकडराजा कोण, यावरून दोघांची झोंबाझोंबी झाली, एकाचा सदरा फाटला. मोगली व्हायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी एका रडक्याला केलं. आमच्या शेजारचा एक पोरगा काळी रेक्झिनची पिशवी फाडून अंगावर घेऊन आला. मी पायरीवर बसलो होतो. त्यानं आज्याच्या डबीतला चुना बोटावर घेतला, मान वर केली आणि हनुवटीखाली बोट टेकवून विचारलं, "दादा, हितंच ना?"